न पुसलेलं पान

नेताजीदादानं ओल्या फडक्यात बांधलेली विड्याची पानं स्टुडिओच्या काउंटरवर ठेवली आणि पंख्याखाली जाऊन बसला. मी फडकं सोडलं. पानं रोगटच होती, कडेनं आक्रसलेली, पाठीवर राखट चट्टे पडलेली. पण देठाला देठ लावून अशी नीटस रचलेली, की जणू पाहुण्यांपुढं ठेवायची आहेत. शेजारच्या घड्याळवाल्याचं भिंग मी मागून आणलं होतं. ते डोळ्याला लावून एकेक पान उलटसुलट बघितलं. चट्टे दिसले, शिरा दिसल्या, जीव म्हणून काही दिसला नाही. मग माझ्या डोक्यात एकदम आलं.

"दादा, पानं पुसलीस का तू?"

"मग?" त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "न पुसता कुणाच्या हातात पान देतंय व्हय कोण?"

"आणि ठाणेदार सरांना दाखवलेली?"

"तीबी पुसूनच दिली. एवढा शिकलेला माणूस, त्याच्या टेबलावर धुरळ्याची पानं ठेवू?"

मला हसावं की रडावं कळेना. ठाणेदार सर म्हणजे शेतकी कॉलेजातले किडींचे जाणकार. दादा त्यांच्याकडं खेटे घालत होता आणि दर वेळी सर सांगत होते, की पानाचा रस काहीतरी शोषतंय, पण किडा सापडत नाही. किडा दाखवा म्हणजे औषध सांगतो. आणि आमचा शहाणा भाऊ दर वेळी तो किडा फडक्यानं टिपून, पान लख्ख करून सरांपुढं ठेवत होता. त्याला तरी काय बोलणार. आमच्या घरात रांगतं पोरही पान हातात आलं की आधी मांडीवर पुसतं. त्यातून मळ्याच्या अंगाला वीटभट्ट्या. तांबडा धुरळा सगळ्यावर बसतो, तसा पानाच्या पाठीवरही बसतो, असं आम्ही धरून चाललो होतो. तो धुरळा जागचा हलतो का, हे कुणी बघितलं नव्हतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी मिरजेत मोमीनचाचांच्या फोटो स्टुडिओत कामाला होते आणि रोज गावाहून एसटीनं जायची-यायची. मला त्या किड्याची घाई लागली होती ती पानांसाठी नाही. पानं गेली असती तर आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्या जागेत दुसरं काही लावलं असतं. मला दादाची बायको, वैजूवहिनी, घरी परत हवी होती.

पानमळा आमच्याकडं देवघरासारखा पाळतात. आंघोळ केल्याशिवाय आत जायचं नाही, चप्पल बाहेर काढायची, आणि बाईला पाळी आली असेल तर तिनं मळ्याच्या तोंडाशीही थांबायचं नाही. वेल कोमेजतो म्हणतात. मी लहानपणापासून हे ऐकत आले आणि खरं सांगायचं तर कधी त्यावर विचारही केला नव्हता. संक्रांतीच्या सुमाराला शेजारचं रेडकू कूड मोडून मळ्यात शिरलं. घरात पुरुषमाणूस नव्हतं. वहिनी नुकतीच आंघोळ करून आली होती, ती तशीच धावत आत गेली आणि रेडकू हाकलून आली. त्यानंतर काही दिवसांनी पानं आक्रसायला लागली. रीतीप्रमाणं आप्पांनी सगळ्यांना बसवून विचारलं, आत कोण गेलं होतं का. वहिनीनं मान वर करून सांगितलं, मी गेले होते, दुसरा दिवस होता, रेडकू वेल खात होतं.

ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. आप्पा तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांचा आवाज कधी चढतच नसे. "रागानं सांगत न्हाई पोरी," ते म्हणाले, "मळा सावरंस्तवर माहेरी ऱ्हा." दादा शेजारी उभा होता. त्यानं तोंडातून अक्षर काढलं नाही, दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर बसवून तिला जतकडं तिच्या माहेरी सोडून आला. मला दादाचा एवढा राग आला होता, की मी कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. मला स्टुडिओत काम करू द्यावं म्हणून घरात आप्पांसमोर उभी राहिलेली एकटी वहिनीच होती. तेव्हा ती नवी नवरी होती आणि डोक्यावरचा पदर ढळू न देता आप्पांशी अर्धा तास वाद घालत होती.

मळा सावरायचं नाव घेईना. उन्हाळा लागला तसा रोग आणखी पसरला. शेवटी आप्पांनी ठरवलं, की चैत्राची अवस झाली की दुसऱ्या दिवशी सगळा वेल उपटून टाकायचा.  वेल गेला की रोग कशाचा होता हे कधीच कळणार नव्हतं. मग गावानं म्हणायचं ते म्हटलंच असतं, की सुनेनं मळा घालवला. आणि तो डाग घेऊन ती कोणत्या तोंडानं परत आली असती, आणि आम्ही तरी कोणत्या तोंडानं आणली असती?

दादाला मी बजावून सांगितलं, न पुसलेलं पान आण. दुसऱ्या दिवशी त्यानं आणलं आणि काउंटरवर ठेवता ठेवता माझ्या डोळ्यांदेखत अंगठ्यानं पुसलं. "अगं, हात आपोआप जातोय," तो ओशाळून म्हणाला. रविवारी मी स्वतःच आंघोळ करून भिंग घेऊन मळ्यात गेले. वेलावरच्या पानाखाली वाकून बघितलं तर तो तांबडा धुरळा खरोखरच चालत होता. मी आप्पांना ओढत नेऊन भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांचा हात थरथरायचा, डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. बराच वेळ त्यांनी प्रयत्न केला आणि भिंग परत देत म्हणाले, "भट्टीचा धुरळा हाय." पान खुडून घरात आणून उजेडात दाखवावं म्हटलं, तर तोवर पान मलूल झालं आणि ते जीव कुठं पांगले कोण जाणे.

तेव्हा मी ठरवलं, की या किड्याचा फोटो काढायचा. आप्पांना चष्म्याविना दिसेल एवढा मोठा.

चाचांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, त्यासाठी वेगळी लेन्स येते, ती मी सुद्धा फक्त दुकानाच्या काचेतून बघितलीय. पण माझं तोंड बघून ते हसायचे थांबले. चाचांचा स्वभावच असा, की नाही म्हणून झालं की मग ते कामाला लागायचे. आधी त्यांनी घड्याळवाल्याचं भिंग टेपनं स्टुडिओच्या छोट्या कॅमेऱ्यापुढं चिकटवलं. मिठाचा खडा ठेवून फोटो काढला. मधोमध खडा बरा आला, कडेला सगळं फराटलेलं. "हे मिठाला चालंल," चाचा म्हणाले, "तुझा किडा मिठापेक्षाबी बारीक."

मग त्यांनी कपाटातून रोलच्या जमान्यातल्या लेन्सा बाहेर काढल्या. त्यातली एक उचलून त्यांनी डिजिटल कॅमेऱ्याच्या तोंडाला उलटी लावली, म्हणजे समोरची बाजू कॅमेऱ्याकडं आणि कॅमेऱ्याला बसायची बाजू बाहेर. मी डोळा लावला आणि माझ्या ओढणीचा एकेक धागा सुतळीएवढा दिसला. मला वाटलं, झालं काम. पण चाचांचं समाधान नव्हतं. त्यांनी ती ठेवून दुसरी घेतली, लग्नात सगळं वऱ्हाड एका फोटोत बसवायला वापरायचे ती. सरळ लावली की जी जास्तीत जास्त माणसं घेते, ती उलटी लावली की सगळ्यात बारीक वस्तू सगळ्यात मोठी करते, असं ते म्हणाले. आणि जुनीच लेन्स का, तर तिच्यावर उजेडाचं छिद्र लहान-मोठं करायची कडी असते. नव्या लेन्सचं छिद्र कॅमेऱ्याच्या हुकमावर चालतं, उलटी केली की ते आपल्या हातात राहत नाही.

तरी किडा अजून मोठा हवा होता. लेन्स आणि कॅमेरा यांच्यात जेवढं अंतर, तेवढा फोटो मोठा, हे चाचांना माहीत होतं. अंतर आणायचं कशानं? मी घरी गेले आणि ठिबकच्या सामानातला पीव्हीसी पाइपाचा वीतभरही नसलेला तुकडा कापून आणला. आतून काळा कागद लावला. कॅमेऱ्याच्या तोंडाला बसतं त्या प्लॅस्टिकच्या झाकणाला मधोमध भोक पाडून चाचांनी ते पाइपाला डिंकानं चिकटवलं, दुसऱ्या टोकाला उलटी लेन्स टेपनं गुंडाळली. कॅमेऱ्याला सोंड फुटल्यासारखी दिसत होती. पासपोर्ट फोटोला आलेलं एक पोर ते बघून रडायला लागलं.

खरी मारामारी पुढं होती. असल्या लेन्सला फोकसची कडी फिरवून काही होत नाही, सगळा कॅमेराच केसाएवढा मागंपुढं सरकवायचा. वस्तूपासून चार बोटांवर यायचं. एका कागदाच्या जाडीएवढंच स्पष्ट येतं, त्याच्या अलीकडं-पलीकडं सगळं धूसर. छिद्र लहान केलं की जरा जास्त भाग स्पष्ट येतो, पण डोळ्याला अंधार दिसतो. म्हणून छिद्र उघडं ठेवून नेम धरायचा, श्वास रोखून कडी फिरवायची आणि बटण दाबायचं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी तांदळावर, मुंगीवर, चाचांच्या मिशीच्या केसावर सराव करायची. वाईट फोटो एवढे निघाले, की चाचा म्हणाले, रोलचा जमाना असता तर तू मला भीक मागायला लावलं असतंस. मी थांबले नाही. मला थांबणं परवडणार नव्हतं.

मग लग्नसराई सुरू झाली आणि कॅमेरा दिवसभर बाहेर राहू लागला. तो मोकळा मिळणार होता फक्त अवसेला, कारण त्या दिवशी लग्नं नसतात. अवसेला आमच्याकडं शेतातही कुणी काम करत नाही, म्हणजे मळा रिकामा. आप्पा सकाळीच देवाला जाऊन दुपारी परतणार, आणि दुसऱ्या दिवशी वेल उपटायला माणसं येणार. सगळं एकाच दिवसावर येऊन ठेपलं होतं. आदल्या संध्याकाळी चाचांनी कॅमेरा, फ्लॅश आणि वायर माझ्या पिशवीत घालून दिली आणि नीट जा म्हणाले. गावात उतरून घराकडं चालताना माझ्या कंबरेतून कळ आली. घरी पोचले तोवर माझी पाळी सुरू झाली होती.

त्या वेळी मला जे वाटलं ते सांगते. मला भीती वाटली. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेली मी, धुरळा चालताना डोळ्यांनी बघितलेली मी, तरी वाटलं, आपण आत गेलो आणि राहिलेला वेलही गेला तर? रात्री जेवण गेलं नाही. दादाला सांगावं तर तो एक तर जाऊ देणार नाही, नाहीतर नुसता गप्प बसेल. सकाळी आप्पा देवाला गेले. मी आंघोळ केली. वहिनी रेडकामागं धावताना एवढा विचार करत बसली नव्हती, असं मनाशी म्हटलं, चप्पल काढली आणि आत गेले.

आत गारवा होता, अर्धा अंधार होता. शेवरीच्या झाडांवर चढलेले वेल, खाली ओली माती. दादाला मी आधीच कामाला लावलं होतं; तो बॅटरी धरून उभा राहिला. रोगट पानांपैकी एक मी वेलावरच उलटं केलं आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी शेवरीच्या काटकीला धरून ठेवलं, म्हणजे वाऱ्यानं हलायला नको. दादाचा हात सवयीनं पानाकडं गेला. मी त्याच्या मनगटावर फटका मारला.

फ्लॅशचा उजेड पानावर चमकत होता, म्हणून त्यावर लग्नाच्या अल्बममधला पातळ कागद गुंडाळला. गुडघे मातीत, कोपर स्टुलावर, डोळा कॅमेऱ्याला. किडा दिसायचा, कॅमेरा सरकवला की जायचा. कडी फिरवली की पान हलायचं. पान स्थिर झालं की किडाच चालू पडायचा. माझे हात भरून आले, पाठ मोडायला लागली, ओटीपोटात दुखत होतं ते वेगळंच. दादा दोनदा म्हणाला, जाऊ दे सारं, न्हाई व्हायचं. मी त्याच्याकडं बघितलंही नाही. शेवटी माझ्या लक्षात आलं, की चालत्या किड्यामागं लागून उपयोग नाही. पानाच्या शिरेजवळ एका जागी मी नेम धरून ठेवला आणि तिथं किडा येईपर्यंत श्वास अर्धा सोडून वाट बघत राहिले. एक आला. शिरेला सोंड लावून थांबला. मी बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मोठं करून बघितलं आणि मी मातीत बसकण मारली. लालबुंद अंग, त्यावर दोन काळे डाग, पाठीवर केस, आठ पाय. शेजारी बारीक जाळं आणि त्यात पांढरी अंडी. दादा वाकून बघत राहिला. "आयला," तो एवढंच म्हणाला.

लगेच मोटारसायकलवर मिरजेला गेलो. चाचांनी लॅबवाल्याला घरून उठवून आणलं आणि कॅलेंडरएवढा फोटो काढून घेतला. सायबर कॅफेतून ठाणेदार सरांना पाठवला आणि त्यांना फोनही केला. सरांनी बघून ताबडतोब सांगितलं, लाल कोळी. कोरड्या हवेत आणि धुरळ्यात वाढतो, रोगट पानं खुडून जाळा, पानांच्या पाठीवर पाण्याचा मारा करा, वर विरघळणारं गंधक. वेल उपटायची काही गरज नाही.

आप्पा देवाहून येऊन ओट्यावर बसले होते. मी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. मला वाटलं, आता म्हणतील की कुठल्यातरी पुस्तकातला आहे. पण ते किड्याकडं बघतच नव्हते. पानाची शीर, तिला फुटलेले फाटे, कडेचा रंग हे ते बोट फिरवत बघत होते. "पान आपलंच हाय," ते म्हणाले. मग त्यांची नजर किड्यावर गेली आणि त्यांनी फोटो उलटा घातला. दुसऱ्या दिवशी आलेली माणसं वेल न उपटता रोगट पानं खुडायला लागली.

ज्येष्ठ लागता लागता वेलाला नवी पालवी आली. पानं रुंद, मऊ, सरळ कडांची. एका सकाळी आप्पा जेवताना दादाला म्हणाले, आता तिला घेऊन ये. मीठ आण म्हणाल्यासारखं म्हणाले. मी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दादाच्या मागं गाडीवर बसले. सबंध वाटभर मी मनात ठरवत होते, की फोटो बघून वहिनी काय म्हणेल. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

वहिनी वाळलेली दिसली. तिनं पाणी दिलं, चहा दिला, आप्पांची चौकशी केली. मी फोटो उघडून तिच्या हातात दिला आणि सगळी कथा सांगितली. उलटी लेन्स, पाइप, चिमटे, सर काय म्हणाले ते. तिनं ऐकून घेतलं. फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि दादाकडं बघून म्हणाली, "किडा सापडला नसता तर?"

दादा कपातल्या चहाकडं बघत राहिला.

"मी इचारते, किडा सापडला नसता तर मला कवा न्यायला आला असता?"

तिचा आवाज शांत होता. दादानं भरला कप खाली ठेवला. आणि मला तेव्हा कळलं, की एवढे दिवस आपण काय केलं. किडा सापडला म्हणून वहिनी निर्दोष, असं मी सिद्ध करायला गेले होते. म्हणजे किडा नसता तर ती दोषी, हे मीही धरूनच चालले होते. मला मान वर करवेना. पण एक गोष्ट माझ्याजवळ होती, ती मी सांगितली. म्हटलं, "वैनी, हा फोटो काढायला मी मळ्यात गेले तवा माझाबी दुसराच दिवस होता. पालवी त्यानंतर आलीया."

दादानं चमकून माझ्याकडं बघितलं. वहिनीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं.

"हे आप्पांस्नी सांगितलंसा?"

"न्हाई."

"मला त्यांनी इचारलं, मी सांगितलं," ती म्हणाली. "तुमाला कुणी इचारलं न्हाई, म्हणून तुमी घरात ऱ्हायलासा. वन्सं, तुमी एवढं माझ्यासाठी केलं, मी ते इसरायची न्हाई. पण किड्याच्या जिवावर मी त्या घरात येणार न्हाई. तुमी त्यांस्नी सांगा. मग बघू."

परत येताना दादानं वाटेत गाडी थांबवली. म्हणाला, आप्पांना नको सांगू, म्हातारा माणूस आहे, आपण वैजूला सांगू की सांगितलं म्हणून. मी म्हटलं, तू एकदा गप्प बसलास, ते तुला अजून पुरलं नाही का. त्यानं गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा मळ्यात पानं खुडत होते. मी मळ्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.  रागावले तर काय होईल याची भीती नव्हती. ते रागावत नसत. ते मलाही हळू आवाजात कुठंतरी जाऊन राहायला सांगतील, याची भीती होती.

"आप्पा, वैनी आली न्हाई."

"का?"

"मी तुमाला एक सांगितल्याबिगर ती यायची न्हाई." आणि मी सांगून टाकलं. कोणत्या दिवशी आत गेले, कशी गेले, किती वेळ आत बसले, सगळं.

आप्पांचा हात वेलावर थांबला. ते पाठमोरे होते, त्यामुळं तोंड दिसत नव्हतं.  मग त्यांनी हळूच विचारलं, "आंघोळ केलीतीस न्हवं?"

"केलीती."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि त्यांचा हात पुन्हा चालू झाला. त्यांना निसटायला एक वाट सापडली होती. मीही तिथून निघून जाऊ शकले असते. सगळ्यांचंच भागलं असतं.

"वैनीनंबी केलीती, आप्पा," मी म्हटलं.

ते वळले. माझ्याकडं बघितलं, मग मळ्याकडं बघितलं, त्या नव्या पालवीकडं.  मी आप्पांना कधी निरुत्तर झालेलं बघितलं नव्हतं आणि बघायला मला बरंही वाटत नव्हतं. ते माझे वडील होते. पण मी जागची हलले नाही.

आप्पांनी पानांची पाटी खाली ठेवली. बाहेर आले, पाटाच्या पाण्यात हातपाय धुतले, घरात जाऊन धुवट सदरा घातला, टोपी घातली. दादा गाडीची किल्ली घेऊन पुढं झाला, तर त्याला हातानंच बाजूला केलं. "तू ऱ्हा," ते म्हणाले, "धाडली मी हुती." आणि एकटेच एसटी स्टँडकडं चालू लागले. आमच्या भागात सासरा सुनेला आणायला जात नाही. वाटेत ज्यांनी ज्यांनी विचारलं, आप्पा कुठं निघालासा, त्यांना आप्पांनी काय सांगितलं, ते मला पुढं गावातूनच कळलं. त्यांनी सगळ्यांना खरं तेच सांगितलं होतं, की सुनेला आणायला निघालोय.

तिकडं काय बोलणं झालं, हे त्या दोघांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. दादा आणि मी दुपारपासून स्टँडवर उभे होतो. दोन गाड्या रिकाम्या गेल्या. दिवस कलताना जतची गाडी आली. दारातून आधी वैजूवहिनी उतरली, मोकळ्या हातांनी, आणि तिच्या मागून तिची पत्र्याची ट्रंक दोन्ही हातांनी छातीशी धरून आप्पा उतरले. दादा ट्रंक घ्यायला धावला. आप्पांनी ती त्याला घेऊ दिली नाही. घरापर्यंत त्यांनीच आणली.